मदत हवी आहे: फ्रेंच माणूस प्रश्न विचारतोय हे ओळखायचं कसं?

लेकीच्या बाळंतपणासाठी लियाँला आले आहे. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बुलांझरीतून पाव आणायचं काम माझ्याकडे. 'यून बागेत, सिल व्हू प्ले' एवढं घोकून जाते. पाव हातात पडला की काउंटरवरची बाई विचारते, 'अव्हेक ससी?' मोबाईलमधलं अ‍ॅप इंग्रजीत सांगतं, 'विथ धिस?' आता याचं काय करू? नुसती हसते आणि पैसे देते.

दुसरं म्हणजे 'एस्क'. ज्याला त्याला आधी एस्क. 'केस्क से?'चा अर्थ अ‍ॅपने शब्दाला शब्द लावून दिला, 'व्हॉट इज इट दॅट इट इज?' लिहायला चौदा अक्षरं, बोलायला दोन घास! जाणकारांनी सोपं करून सांगावं.

प्रतिसाद १
काकू, इंग्रजी अर्थ बाजूला ठेवा, मराठीत चटकन बसेल. 'तुम्ही येता का?' मधला शेवटचा 'का' उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवला की झाला 'एस्क'. त्याला वेगळा अर्थ नाही. 'एस्क व्हू पार्ले आंग्ले?' म्हणजे तुम्ही इंग्रजी बोलता का? 'का येता?' मधला 'का' मात्र वेगळा, त्याला 'पूर्क्वा'. आणि गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये 'कां' ऐकू आला तर तो 'केव्हा' असतो.
'केस्क से' म्हणजे 'हे काय आहे?' बोलताना लोक सर्रास 'से क्वा?' म्हणतात.
'अव्हेक ससी?' म्हणजे 'अजून काही?' नको असेल तर 'स सरा तू, मेर्सी'. एवढंच, बास.

प्रतिसाद २
+१. बऱ्याचदा एस्कही नसतं. साधंच वाक्य, शेवट वर चढवलेला. शेजारीण 'व्हूझेत अँद्येन?' म्हणाली तर ती तुम्ही भारतीय का ते विचारतेय. पुस्तकात त्याचं 'एत-व्हू' असं उलटं रूप सापडेल. ते जरा चापूनचोपून नेसलेलं वाटतं, पण चूक नाही.
अनोळखी माणसाला 'व्हू'च म्हणा, 'त्यू' नको, आपल्या तुम्ही-तूसारखंच. आणि काहीही विचारण्याआधी 'बोंझूर' हवंच. त्याशिवाय थेट प्रश्न टाकला तर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, हा स्वानुभव.

धागाकर्ती
दोघांचे आभार. आज 'स सरा तू' ठणकावून म्हणाले! बाई खूश. पण त्याआधी तिने नवीनच काढलं, 'ब्यां क्वीत?' मी घाबरून 'वी' म्हटलं. घरी आणला तर पाव तपकिरी आणि कडक, जावईबापू तोडता तोडता दमले.

प्रतिसाद १
खरपूस भाजलेला हवा का, असं विचारत होती. उद्या 'पा त्रो क्वीत' म्हणा, फार भाजलेला नको. दातांना बरं.