मदत हवी आहे: ब्रॉडबँड कंपनीला व्हीसीची टर्म शीट आली आहे, सही करू का? (शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय)

शेवटची_वायर
नमस्कार मंडळी. वेळ नाहीये म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आमची ब्रॉडबँड सर्व्हिस प्रोव्हायडर कंपनी आहे, सहा वर्षं झाली, आता एका व्हीसी (व्हेंचर कॅपिटल) फंडाकडून टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा प्राथमिक कागद, आलीये. २५ टक्के हिस्सा मागतायत, त्यात २ एक्स पार्टिसिपेटिंग लिक्विडेशन प्रेफरन्स आहे आणि अँटी डायल्यूशनला फुल रॅचेट लिहिलंय. हे नॉर्मल आहे का? सही करावी का? हो की नाही तेवढं सांगा प्लीज. "वकिलाला दाखवा" हे मलाही कळतं, ते कोणी लिहू नका.

रात्रपाळी
ग्राहक किती? फायबर की वायरलेस? पैसे कशाला हवेत? आधीचं कर्ज आहे का? यातलं एकही लिहिलं नाहीस, मग हो की नाही कोण सांगणार रे.

शेवटची_वायर
ग्राहकांचा आणि क्लॉजचा काय संबंध? बरं लिहितो. चालू कनेक्शन ११ हजार, जवळपास सगळं फायबर. पैसे नेटवर्क वाढवायला हवेत. थोडं कर्ज आहे. आता सांगा.

आकडेमोड
क्लॉजचं आधी सांगतो कारण तेच विचारलंय. आकडे सोपे धरू. समजा त्यांनी १०० घातले आणि २५ टक्के घेतले. उद्या कंपनी ३०० ला विकली. २ एक्स लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणजे कंपनी विकली की घातलेल्याच्या दुप्पट आधी त्यांना, म्हणजे ते आधी २०० उचलणार. उरले १००, पार्टिसिपेटिंग असल्यामुळे त्यातलेही २५ टक्के त्यांचेच, म्हणजे आणखी २५. त्यांना २२५, बाकी सगळ्यांना मिळून ७५. कागदावर तुमचे ७५ टक्के आहेत आणि हातात येतात २५ टक्के.
आता हेच १ एक्स नॉन पार्टिसिपेटिंग असतं तर? त्यांनी एकतर आपले १०० परत घ्यायचे नाहीतर २५ टक्क्यांचे ७५, जे जास्त असेल ते. म्हणजे १०० घेतील, तुम्हाला २००. तोच सौदा, तीच किंमत, दोन शब्द बदलले की ७५ चे २०० होतात. १ एक्स नॉन पार्टिसिपेटिंग हे बऱ्याच ठिकाणी नेहमीचं समजतात, २ एक्स पार्टिसिपेटिंग नाही. अगदीच ऐकत नसतील तर निदान कॅप लावून घ्या, एकूण इतक्या पटीच्या वर त्यांनी घ्यायचं नाही अशी.
अँटी डायल्यूशन म्हणजे पुढे शेअरचा भाव पडला तर त्यांना संरक्षण, आणि त्यातलं फुल रॅचेट तर त्याहून वाईट. पुढच्या राउंडला (नव्या गुंतवणुकीच्या वेळी) भाव पडला, अगदी थोडेसे शेअर कमी भावात गेले तरी यांची जुनी खरेदी त्या नव्या भावाला आणून ठेवतात आणि तो सगळा भार तुमच्या शेअरवर पडतो. वेटेड ॲव्हरेज मागा, त्यात नवे शेअर किती गेले तेही धरतात.

शेवटची_वायर
@आकडेमोड मनापासून धन्यवाद, असंच कोणीतरी हवं होतं. ७५ आणि २०० बघून पोटात गोळा आला. म्हणजे १ एक्स केलं तर सही करू?

जुना_टेलिकॉमवाला
मी म्हणतो हिस्सा द्यायचाच कशाला? उपकरणं पुरवणाऱ्याकडून उधारीवर घ्या, व्हेंडर फायनान्स. ओएलटी (सगळ्या ग्राहकांची फायबर जिथे येते ते आपल्याकडचं यंत्र), स्विच, राउटर सगळं हप्त्यावर मिळतं, नेटवर्क चालू झालं की त्याच्याच कमाईतून फेडायचं. आमची पहिली चार वर्षं तशीच गेली, एक शेअर विकला नाही.

खांबावरचा
काका तुमचं जमलं म्हणून सगळ्यांना तोच सल्ला देऊ नका हो. अमेरिकेत १९९६ च्या टेलिकॉम कायद्यानंतर नव्या कंपन्यांची रांग लागली होती आणि उपकरणं बनवणारेच त्यांना उधार देत होते. विनस्टार आठवते का? छतावर अँटेना लावून ऑफिसांना ब्रॉडबँड द्यायची. उपकरणं बनवणाऱ्या ल्यूसेंटच्या उधारीवर वाढली, ल्यूसेंटने पुढचा हप्ता अडवला आणि एप्रिल २००१ मध्ये विनस्टारने दिवाळखोरीचा अर्ज केला. उधार देणाऱ्याचं स्वतःचं तिमाही गणित बिघडलं की तुमचा नळ बंद, यात तुमची चूक असो नसो.

जुना_टेलिकॉमवाला
विनस्टार कुठे आणि ११ हजार कनेक्शन कुठे. त्यांनी मागणी यायच्या आधी शहरंच्या शहरं उभी केली. मी फक्त ग्राहक हातात आहेत तेवढ्यापुरतंच म्हणतोय. आणि व्हीसीचा नळ बंद होत नाही का? उपग्रहांवरून इंटरनेट देऊ पाहणाऱ्या वनवेबला तिच्या गुंतवणूकदार सॉफ्टबँकेने पुढचे पैसे दिले नाहीत आणि मार्च २०२० मध्ये तेही दिवाळखोरीत गेले, तेव्हा उपग्रह वर सोडायचं काम चालूच होतं.

खांबावरचा
हे मान्य. मग दोघांचं मिळून एकच निघतं, पैसे कुठलेही असोत, अर्धवट नेटवर्कवर येऊन थांबले की संपलं. अर्ध्या रस्त्यापर्यंत खोदलेल्या चराला कोणी बिल भरत नाही.

निळा_सिग्नल
सॅटेलाइटचा विषय निघालाच आहे तर इरिडियम, सॅटेलाइट फोनवाली कंपनी. सुमारे ५ अब्ज डॉलर घालून नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू, ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरी, आणि नंतर ती सगळी मालमत्ता अवघ्या अडीच कोटी डॉलरला गेली. नव्या मालकांनी तेच उपग्रह वापरून धंदा चालवला आणि कंपनी आजही आहे. नेटवर्क चांगलंच होतं हो, ज्यांनी पहिले पैसे घातले ते वाचले नाहीत. मला हे फार लागतं, मी त्या काळात याच क्षेत्रात नोकरीला होतो.

नवीन_आयडी_७
मला पण इंटरनेट कंपनी चालू करायची आहे, किती भांडवल लागेल? लायसन्स कसं काढतात? कृपया मार्गदर्शन करा.

रात्रपाळी
@नवीन_आयडी_७ वेगळा धागा काढा, इथे याचं शुक्रवारचं आहे.
@शेवटची_वायर अजून पत्ते झाकूनच ठेवलेस. किती घरांसमोरून केबल गेलीये? महिन्याला किती ग्राहक सोडून जातात? आणि "नेटवर्क वाढवायला" म्हणजे नक्की काय, खोदकाम, की सॉफ्टवेअर, की माणसं?

शेवटची_वायर
३० हजार घरांसमोरून केबल आहे. महिन्याला अडीच टक्के सोडतात. पैशातला ८० टक्के भाग खोदकाम आणि केबलला, दोन नवीन भागांत जायचंय. हे सगळं त्यांना दिलेल्या डेकमध्ये (प्रेझेंटेशनमध्ये) आहे आधीच, त्यांनी काहीच शंका काढली नाही.

रात्रपाळी
अरे मग खरं दुखणं इथेच आहे. अडीच टक्के ऐकायला कमी वाटतं पण ते महिन्याला २७५ घरं झाली. वर्षाचं धरलं तर सव्वीस टक्क्यांच्या आसपास गिऱ्हाईक निघून जातं. म्हणजे ११ हजारांवर नुसतं टिकून राहायलाच दर महिन्याला २७५ नवीन जोडायचे, आणि त्या प्रत्येकाला माणूस पाठवा, ड्रॉप वायर ओढा, घरात डबा लावा. आणि ज्या १९ हजार घरांसमोर केबल ऑलरेडी लटकतीये ते घेत नाहीत त्याचं काय? नवीन खोदण्यापेक्षा तिथलं प्रत्येक कनेक्शन कितीतरी स्वस्तात पडेल.
मी दोन वर्षं एका इन्व्हेस्टरच्या बाजूने नेटवर्क तपासायचं काम केलंय. डेकला कोणी शंका काढली नाही म्हणून खूश होऊ नकोस, शंका टर्म शीटवर सही झाल्यावर निघतात. आम्ही जायचो ते थेट जॉइंट क्लोजर, म्हणजे फायबरचे जोड असतात ती पेटी, उघडायला. ट्रे बाहेर काढला की पाच मिनिटांत कळतं, फायबर नीट गोल गुंडाळलेली आहे की कोंबलीये, स्लीव्हवर नंबर आहेत का, स्प्लाइस (जोड) केला त्या दिवशीचं ओटीडीआर रीडिंग, म्हणजे जोडात सिग्नल किती वाया जातो त्याचं मोजमाप, कोणाकडे आहे. एका ठिकाणी नकाशात २४ कोअर (केबलमधल्या फायबर) होत्या आणि पेटीत १२. त्या दिवशी किंमत खाली आली. आणि तोपर्यंत त्या कंपनीच्या मालकाने दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही (एक्सक्लुझिव्हिटी) असं लिहून दिलेलं होतं, त्यामुळे त्याला मुकाट ऐकावं लागलं. तुझ्या टर्म शीटमध्ये एक्सक्लुझिव्हिटी किती दिवसांची आहे?

शेवटची_वायर
९० दिवस. त्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

आकडेमोड
९० फार आहेत. ३० मागा, ४५ च्या वर जाऊ नका.

कोरा_कागद
मी वकील आहे त्यामुळे "वकिलाला दाखवा" लिहीत नाही, प्रश्न विचारते. एक, "थोडं कर्ज" म्हणजे कोणाचं आणि त्या करारात शेअरहोल्डिंग बदलायला त्यांची संमती लागते का? बहुतेक वेळा लागते. दोन, लायसन्सच्या अटींत मालकी बदलली तर नियामकाला कळवायचं किंवा आधी परवानगी घ्यायची असं काही आहे का? टेलिकॉममध्ये हा मुद्दा इतर धंद्यांपेक्षा फार लवकर आडवा येतो. तीन, केबल कशावरून गेलीये? खांब असतील तर त्यांचा करार कोणाच्या नावावर आहे आणि किती वर्षांचा उरलाय?

शेवटची_वायर
कर्ज उपकरणांच्या लीजचं आहे, करार शोधतो. लायसन्स कंपनीच्या नावावर आहे. खांबांचा करार... वडिलांच्या जुन्या केबल टीव्हीच्या फर्मच्या नावावर आहे, आम्ही तसंच चालू ठेवलं. १४ महिने उरलेत. हे महत्त्वाचं आहे का?

कोरा_कागद
भाऊ, या सगळ्या धाग्यात सर्वात महत्त्वाचं हेच आहे. ११ हजार ग्राहकांपर्यंत पोचणारी वायर ज्या खांबांवर लटकते त्यावर तुमच्या कंपनीचा कागदोपत्री काही हक्क नाही. उद्या अंतिम करारातल्या वॉरंटीवर, म्हणजे लेखी हमीवर, तुम्ही सही कराल की "कंपनीकडे धंद्याला लागणारे सर्व हक्क आहेत", आणि ते खरं नसेल तर नंतर तुम्हाला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागू शकते. आधी तो करार कंपनीच्या नावावर वर्ग करून घ्या, खांबवाल्यांची लेखी संमती घेऊन, आणि त्याच वेळी मुदत वाढवून मागा. गुंतवणूकदाराला हे स्वतःहून सांगा. त्यांना नंतर सापडलं तर ते किंमत पाडतील, तुम्ही आधी सांगितलं तर ती फक्त एक अट होईल.

खांबावरचा
ताईंशी शंभर टक्के सहमत. माझा आयडीच त्यावरून आहे :)
आणि मूळ प्रश्नावर माझं मत, व्हीसीच नको. त्यांचा फंड साधारण १० वर्षांचा, त्यातली काही आधीच गेलेली, त्यांना पाच-सात वर्षांत अनेक पटींनी बाहेर पडायचंय. जमिनीतली फायबर २५ वर्षांच्या वर चालते आणि पैसे हळूहळू परत करते. हा मेळच बसत नाही. व्हीसीला स्काइपसारखं आवडतं, स्वतःची एक वायर नाही, लोकांच्याच इंटरनेटवर चाललं आणि २००५ मध्ये ईबेने २.६ अब्ज डॉलरला घेतलं. खोदकामाला त्या भुकेचे पैसे लावले की दर तिमाहीला "घरं किती वाढली" एवढंच विचारतात, आणि तू अजून खोदत सुटशील.

जुना_टेलिकॉमवाला
सरसकट नको असंही नाही. सेल्टेल ही मोबाइल कंपनी बघा, मो इब्राहिमने १९९८ मध्ये आफ्रिकेत सुरू केली, बँका जवळ करत नव्हत्या म्हणून बहुतेक वाढ शेअर भांडवलावरच केली, २००५ मध्ये ३.४ अब्ज डॉलरला विकली गेली. तिथे गुंतवणूकदारांमध्ये विकास वित्त संस्था होत्या, ते लोक थांबतात. पैसा कोणाचा आहे हे त्याच्या थांबण्यावरून ओळखायचं, नावावरून नाही.

खांबावरचा
हे चांगलं सांगितलंत काका. मग असं करा की खोदकाम आणि केबलला लांब मुदतीचं कर्ज नाहीतर इन्फ्रा फंड, डब्यांना लीज, आणि हिस्सा विकायचाच तर फक्त त्या भागासाठी ज्याचं चालेल की नाही माहीत नाही, नवीन भागातली मार्केटिंग, बिलिंग सिस्टीम, माणसं. मग मागायची रक्कमच पाचव्या हिश्श्यावर येते आणि २५ टक्के द्यायची वेळ येत नाही.

आकडेमोड
फक्त कर्जाच्या बाबतीत एक. हातात येणारी रोकड हप्त्याच्या सव्वापट तरी हवी असं देणारे धरतात, काही त्याहून जास्त मागतात. महिन्याला अडीच टक्के सोडून जातात म्हटल्यावर ते पहिलं तेच विचारतील. चर्न (ग्राहक सोडून जाण्याचं प्रमाण) आधी खाली आणा, मग कर्जही स्वस्त मिळेल आणि शेअरला भावही.

गुलमोहर_२२
माझं नेट संध्याकाळी आठनंतर फार स्लो होतं, राउटर बदलू का?

रात्रपाळी
@गुलमोहर_२२ आधी केबल लावून टेस्ट करा, वायफायवर नको. तशीही स्लो आली तर कंपनीची अपस्ट्रीम, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी लिंक, भरलीये, राउटर बदलून काही होणार नाही. आणि @शेवटची_वायर हे वाचलंस का, लोक सोडून जातात ते यामुळेच. तुझी संध्याकाळची लिंक किती टक्के भरते?

शेवटची_वायर
आठ ते अकरा पूर्ण भरलेली असते. खरं सांगायचं तर बहुतेक तक्रारी त्याच वेळेच्या आहेत. अपस्ट्रीम वाढवायचं मागच्या वर्षीपासून पुढे ढकलतोय कारण सगळे पैसे नवीन भागाच्या सर्व्हेत गेले.

शेवटची_वायर (शनिवार)
अपडेट देतो, सगळ्यांनी इतका वेळ दिला म्हणून. काल फोन झाला. खांबांचं मी स्वतःहून सांगितलं, समोर दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग म्हणाले करार वर्ग झाल्याशिवाय पुढे जाणार नाही पण किंमतीला हात लावणार नाही. १ एक्स नॉन पार्टिसिपेटिंगला तयार आहेत, वेटेड ॲव्हरेजला पण. एक्सक्लुझिव्हिटी ४५ दिवसांवर आणली. मी रक्कम कमी मागितली ते मात्र आवडलं नाही, म्हणाले इतक्या लहान चेकमध्ये आम्हाला रस नाही, सोमवारी पार्टनरशी बोलून सांगतो. म्हणजे कदाचित होणारही नाही.
लीजचा करार सापडला. संमती लागते, पान ११ वर आहे. वडील आज खांबवाल्यांच्या ऑफिसला अर्ज घेऊन गेलेत. आणि अपस्ट्रीमचं कोटेशन मागवलं, ते या महिन्यातच करतोय, फंड येवो न येवो.

कोरा_कागद
अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला सांगा, शिक्का आणि तारीख दोन्ही.

शेवटची_वायर
लगेच फोन करतो त्यांना.