कोंबडीच्या तळव्याला गाठ: औषध चालू असताना अंडी खावीत का?

चांदणीची_मालकीण: पाच कोंबड्या आहेत. त्यातली चांदणी चार दिवस एक पाय वर धरून उभी असते. तळवा सुजलाय, मधोमध वाटाण्याएवढी काळी खपली. घरात एन्रोफ्लोक्सॅसिन (अँटिबायोटिक) पडलं होतं, ते कालपासून पिण्याच्या पाण्यात टाकतेय. पैशांची ओढाताण आहे, घरच्या घरी जमेल तेच सांगा. मुलं रोज अंडी खातात, चालेल का?

तुरेवाला: बंबलफूट आहे हे, तळव्यात जंतू शिरून गाठ होते तो आजार. सरळ नवीन खुराडं घ्या. मी घेतल्यापासून एकही पाय सुजला नाही.

मधली_सून: खुराडं कशाला? बसायची दांडी खाली घ्या. उंचावरून धपकन उडी मारली की तळव्याला चीर पडते, तिथून जंतू शिरतात. आमच्या जाडी कोंबडीचं हेच झालं. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय भिजवा, कोरडा करा, पोविडोन आयोडीन लावून गॉज बांधा. हातमोजे घाला, ते जंतू माणसालाही बाधतात.

तुरेवाला: आमची दांडी छातीएवढी उंच आहे. काही होत नाही.

उपद्व्यापी: मी ब्लेडने कापायला गेलो. कोंबडीचा पू वाहत नाही, घट्ट खडा असतो. खडा निघालाच नाही आणि रक्त थांबेना. बायको अजून ऐकवते.

नुसता_वाचक: व्हॅसलिन लावा, पायावरचे खवले बसतात.

चांदणीची_मालकीण: तळवा म्हटलं हो, खवले नाहीत.

जुनी_खोड: पोविडोनला माझंही मत. पण अंड्यांचं कुणीच बोलेना! एन्रोफ्लोक्सॅसिन अंड्यावरच्या कोंबड्यांना द्यायचंच नसतं. अमेरिकेने 2005 मध्ये कोंबड्यांसाठी बंदच केलं. बलक अंडं पडायच्या आठ-दहा दिवस आधीपासून भरत असतो, औषध त्यात उतरतं. उकडूनही जात नाही. आणि पाणी पाचही जणी पितात ना? मग पाचहींची अंडी बाद. किती दिवस, ते पशुवैद्यांना विचारा.

तुरेवाला: आम्ही तर खाल्ली, काही झालं नाही.

चांदणीची_मालकीण: पाचहींचं लक्षातच आलं नव्हतं. पशुवैद्यांना फोन केला. ते औषध बंद करा म्हणाले, अंडी महिनाभर नकोत, सूज वर चढली तर कोंबडी घेऊन या. भिजवणं मात्र जमणार नाही, चांदणीने टोचून टोचून अख्खी बादली माझ्यावर उपडी केली. नुसतं आयोडीन लावून जुन्या सुती धोतराची पट्टी बांधलीय, न्हाणीघरात गोणपाटावर बसलीय. दांडी आहे तिथेच. अंडी खड्ड्यात पुरतेय. मुलांना सांगितलंय, कोंबड्या रुसल्यात.