आधी पदक की आधी पाया? मोजके खेळाडू असलेल्या देशांतील तायक्वांदो

मॅटवरचा:
तायक्वांदो हा लाथांचा कोरियन युद्धकला-खेळ खेळणारे मूठभर असतील त्या देशाने वर्ग, बेल्ट परीक्षा (वरच्या पातळीचा रंगीत पट्टा मिळवण्याची चाचणी) आणि शालेय स्पर्धा यांवर पैसा घालवू नये, दोन गुणी मुले निवडून परदेशी पाठवावीत, एक पदक आले की खेळ आपोआप पसरतो, असे ‘आडवी किक’ यांनी काल लिहिले. हे मला इतके खटकले की सविस्तर उत्तर देणे भाग आहे. गॅबनच्या अँथनी ओबामेने 2012 मध्ये लंडनला रौप्यपदक मिळवले. अंतिम लढत 9-9 अशी बरोबरीत राहिली आणि पंचांच्या कौलाने सुवर्ण इटलीच्या कार्लो मोल्फेटाकडे गेले. पुढच्या तीन ऑलिंपिकमध्ये गॅबनला एकही पदक नाही. याउलट आयव्हरी कोस्टमध्ये कोरियन प्रशिक्षकांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून वर्ग उभे केले, म्हणूनच 2016 मध्ये शेख सिसेचे सुवर्ण आणि रूथ बाग्बीचे कांस्य आले आणि टोकियो व पॅरिसमध्येही पदकांचा क्रम तुटला नाही.

आडवी किक:
आपल्याला सोयीचे तेवढे देश आपण निवडले आहेत. ऑलिंपिकमध्ये प्रत्येक वजनगटात फक्त 16 खेळाडू असतात आणि दोन कांस्ये धरून चार पदके दिली जातात, म्हणजे लहान देशाला इतकी जवळची वाट फार थोड्या खेळांत सापडते. नायजरच्या अब्दुलरझाक इसुफूने 2016 मध्ये रौप्य जिंकले. त्याआधी त्या देशाकडे 1972 चे मुष्टियुद्धातले एक कांस्य, एवढेच होते. जॉर्डनला अहमद अबूघौशच्या रूपाने 2016 मध्ये पहिले ऑलिंपिक पदक मिळाले, तेही सुवर्ण, आणि पुढच्या दोन्ही ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोतच रौप्य आले. पदकामुळे खेळ वाढत नाही, तर हे काय आहे?

मॅटवरचा:
जॉर्डनचा इतिहास 2016 पासून सुरू होत नाही. 1988 मध्ये सोलला हा खेळ केवळ प्रदर्शनीय होता, तेव्हाही जॉर्डनच्या खेळाडूंनी कांस्यपदके घेतली होती. अबूघौशच्या मागे एवढी वर्षे उभी आहेत.

जुना पंच:
आपण दोघेही खर्चाचे खरे मूळ सोडून बोलत आहात. लंडन ऑलिंपिकपासून सेन्सरचे मोजे घातलेल्या पायाची किक बसली की आपोआप गुण नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड, म्हणजे छाती-पोटावरचे कवच, आले आणि लहान देशांची कोंडी तिथूनच सुरू झाली. एका स्पर्धेत मी कोपऱ्यातला पंच होतो. एका छोट्या संघातील मुलीची फिरती किक प्रतिस्पर्धीच्या पोटावर अशी बसली की किकचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, पण गुणफलक हलला नाही. तिला दिलेले सेन्सरचे मोजे एक माप मोठे होते आणि चुंबकाची पट्टी पायाच्या पंजावरून घसरून बाजूला वळली होती. फिरत्या किकचे जादा गुण आम्ही द्यायचे असतात, पण सेन्सरने मूळ गुणच नोंदवला नाही तर आमचे हात बांधलेले असतात. तिचे चार गुण बुडाले. ते मोजे तिने त्याच सकाळी पहिल्यांदा घातले होते.

आडवी किक:
म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले. जिथे ही उपकरणे रोज वापरली जातात तिथेच तिला पाठवायला हवे होते.

जुना पंच:
आणि मागे राहिलेल्यांनी काय करायचे? एका कंपनीचे मोजे दुसऱ्या कंपनीच्या चेस्ट गार्डवर चालत नाहीत, त्यामुळे स्पर्धेनुसार सगळा संच बदलावा लागतो. ज्यांच्याकडे तो नाही ती मुले जोरकस, स्वच्छ किक शिकून येतात आणि पुढचा पाय उचलून नुसता टेकवत राहणाऱ्यांकडून हरतात. या उपकरणांनी खेळाचे सौंदर्य मारले, हे मी कोणापुढेही म्हणेन.

वर्ग चालवणारी:
सौंदर्याची चर्चा अवश्य करा, पण माझ्या वर्गात जोडीदाराचाच दुष्काळ आहे. माझ्या सर्वांत चांगल्या विद्यार्थिनीच्या वजनाची दुसरी मुलगी आसपास नाही, म्हणून ती आपल्यापेक्षा जड मुलांशी लढते. त्यामुळे तिला अंतर राखायची सवय लागली आहे आणि आपल्या वजनगटात उतरली की ती पुढे घुसतच नाही. संघटनेकडे मी सराव शिबिर मागितले, तेव्हा आधी पदक आणा, असे उत्तर मिळाले. ‘आडवी किक’, आपल्या विचारातूनच अशी उत्तरे जन्माला येतात, हे मी रागानेच लिहीत आहे.

आडवी किक:
हा राग माझ्यावर काढणे अन्याय्य आहे. रोहुल्ला निकपाईने 2008 मध्ये अफगाणिस्तानला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तो निर्वासित म्हणून इराणमध्ये घडला. त्याच्या देशाने आधी पाया घालायची वाट पाहिली असती तर?

मॅटवरचा:
त्याला पाया मिळालाच होता, फक्त तो शेजारच्या देशातला होता. इराणमध्ये गल्लोगल्ली वर्ग होते, रोज नवे जोडीदार मिळत होते.

आडवी किक:
जोडीदारांचा मुद्दा मी मान्य करतो, पण तेवढाच. परदेशी पाठवायचे तर एकट्याला न पाठवता त्याच वजनगटातील दोघांना पाठवावे. बेल्ट परीक्षांवरच्या खर्चाला माझा विरोध कायम आहे.

वर्ग चालवणारी:
बेल्ट परीक्षेच्या शुल्कावरच माझ्या वर्गाचे भाडे निघते. ती बंद केली तर ते दोघे निवडायचे कुठून?