घरच्या बिअरचं वर्ट निवळतच नाही: व्हॉर्लाउफ आणखी वाढवायचा का?

नवामॅश: २० लिटरची बॅच आहे. ४ किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), १ किलो गव्हाचं माल्ट, १४ लिटर पाणी, ६६ अंशांवर ६० मिनिटं मॅश, म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवणं. मॅशच्या कूलरला (उष्णता धरून ठेवणाऱ्या डब्याला) फॉल्स बॉटम, म्हणजे तळाशी जाळी आहे, दळायच्या मिलच्या रोलरांमधलं अंतर ०.८ मिमी. पहिले ३ लिटर जगमध्ये घेऊन परत वर ओतले (हाच व्हॉर्लाउफ) तरी पातेल्यात गढूळच वर्ट, म्हणजे माल्टचा गोड रस, येतं, आणि निम्म्यावर धार आटून थेंब थेंब पडायला लागतात. उकळून थंड केल्यावरही फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) भरपूर गाळ. चुकतंय कुठे?

तूसवाला: सुरुवात ०.८ पासून. फॉल्स बॉटम फक्त धान्य धरून ठेवतो. वर्ट गाळायचं काम टरफलांचा थर करतो. दळण बारीक झालं की टरफलांचा चुरा होतो आणि पीठ खाली उतरून जाळीवर लगदा जमतो. गढूळपणा आणि आटलेली धार, दोन्हींचं मूळ तेच. बार्लीसाठी अंतर १.१ ते १.२ मिमी करा. गहू वेगळा दळा, त्याला ०.८ चालेल, त्याला टरफल नसतंच. म्हणूनच मॅशमध्ये २५० ग्रॅम धुतलेला भाताचा तूस मिसळा. दळण्याआधी बार्लीवर १०० मिली पाणी फवारून, हाताने कालवून १० मिनिटं ठेवलंत तर टरफलं लवचिक होतात आणि बरीचशी अख्खी राहतात.

आता तोटी. बहुतेक जण इथेच घाई करतात. पूर्ण उघडली की खालून ओढ बसते आणि थर दबून घट्ट होतो. लांब नळी खाली लोंबत असेल तर ओढ आणखी वाढते. मॅश संपल्यावर ढवळून १० मिनिटं थर बसू द्या, मग तोटी जेमतेम पाव उघडा. परत ओतताना वर बशी ठेवून तिच्यावर ओता, नाहीतर थराला भोक पडतं आणि वर्ट तिथूनच न गाळता उतरतं. किती लिटर झाले ते मोजू नका. टरफलांचे कण आणि पीठ यायचं थांबेपर्यंत फिरवा, साधारण १० ते १५ मिनिटं. पुढेही मिनिटाला अर्धा ते एक लिटर, त्याहून जास्त नको.

धार अडलीच तर तोटी बंद करा, ७५ अंशांचं दोन लिटर पाणी घालून सगळं ढवळा, थर पुन्हा बसवा आणि व्हॉर्लाउफ पहिल्यापासून. बॅच स्पार्ज करत असाल, म्हणजे वर्ट काढून झाल्यावर उरलेला गोडवा धुवायला धान्यावर एकदम दुसरं पाणी घालत असाल, तर दुसऱ्या पाण्यानंतरही व्हॉर्लाउफ लागतोच. हे हमखास विसरलं जातं.

उकळी६०: फर्मेंटरमधला गाळ हा वेगळा विषय. तो मुख्यतः प्रथिनांचा. उकळी खळखळती हवी. पहिल्या काही मिनिटांत वर्ट फाटलेल्या दुधासारखं दिसायला हवं. शेवटच्या १० मिनिटांत आयरिश मॉस (वाळवलेलं समुद्री शेवाळ) एक छोटा चमचा, आधी भिजवून, किंवा त्याच कामाच्या व्हर्लफ्लॉकची अर्धी गोळी. त्यातलं कॅराजीनन प्रथिनांना चिकटून त्यांचे गठ्ठे करतं, पण फार वेळ उकळलं तर तेच मोडतं. म्हणून सुरुवातीला टाकू नका. मग झटपट थंड करा, चमच्याने भोवरा करा, २० मिनिटं हात लावू नका आणि कडेने काढून घ्या. तळातले दीड-दोन लिटर सोडायची तयारी ठेवा.

पिशवीवाला: एवढं जिवाला लावून घेऊ नका. पिशवीतल्या मॅशचं वर्ट गढूळच असतं, तरी त्याची बिअर नितळ होते. थोडा गाळ यीस्टला उपयोगीच पडतो. आणि ग्लासातला नमुना थंड होताना धूसर झाला तर घाबरू नका, ती प्रथिनं आहेत. वर्ट गरम असतानाच बघा.

तूसवाला: प्रथिनांपुरतं मान्य. पण पातेल्यात पीठ गेलं तर त्यातला स्टार्च उकळीत मोकळा होतो, आणि तिथे तो तोडायला एन्झाइम उरलेले नसतात. तो धूसरपणा बिअरमध्ये कायमचा.

नवामॅश: मग स्टार्च आहे की प्रथिनं, ओळखायचं कसं? आयोडीन टाकलं की वर्ट काळंच होतं.

उकळी६०: नमुन्यात टरफल असेल तर काळं होणारच. वरचं निवळलेलं वर्ट चमचाभर पांढऱ्या बशीत घ्या, गार होऊ द्या, मग आयोडीनचा एक थेंब. पिवळसर तपकिरीच राहिलं तर स्टार्च संपला. निळं-काळं झालं तर मॅश आणखी १५-२० मिनिटं चालू ठेवा आणि पुन्हा तपासा. तपासलेला नमुना फेकून द्या, मॅशमध्ये परत ओतू नका.