एक आकडा बदलायला कोड कशाला?

तेरणाकाठ: तालुकावार पावसाची शीट आली, ओळी तालुक्यांच्या अन कॉलम तारखांचे. औशाला एका दिवशी ७.४ च्या जागी ७४ पडलंय, टिंब गेलं. ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतेत, म्हणजे एका टिंबावर किती लफडं होतंय बघा. माझं म्हणणं, असा आकडा हातानं बसवायचाच नाही. पांडाज, म्हणजे पायथनमधी टेबलं हाताळायचं साधन, त्याच्यातल्या 'ॲट' (.at) ला ओळीचं नाव अन कॉलमचं नाव द्या, नवा आकडा टाका, एका ओळीत काम खतम.

बिंदुसरा: काहून एवढं? एक्सेल उघडा, सेलवर एफ-टू दाबा, टिंब द्या, एंटर. तुमचं पायथन चालू होऊस्तोर आमचा चहा पिऊन होतो.

तेरणाकाठ: अन सोमवारी वरून तीच फाईल परत आली की? तुमची दुरुस्ती गेली वाहून, आधी ७४ होतं हे बी कुणाला माहीत नाही. कोड परत चालवला की परत बसतंय.

दुधना: कोडवाल्यांनी लई उड्या मारू नका. ॲटला दिलेलं नाव टेबलात नसलं तर ते एरर देत नाही, गुपचूप खाली नवी ओळ जोडतंय! जुन्या फॉन्टवरून कन्व्हर्ट केलेल्या फाईलीत 'औ' बऱ्याचदा 'अ'ला काना अन दोन मात्रा लावून बनवलेला असतो, स्क्रीनवर दोन्ही औसा सारखेच दिसतेत पण कोडला ती दोन गावं. नावाच्या मागं एक स्पेस राहिली तरी तेच. मग ७४ जागच्या जागी अन खाली दुसरा औसा ७.४ घेऊन बसलाय, बाकी सगळे कॉलम रिकामे.

मांजरा: अजून एक, पोरं आधी तारखेचा कॉलम धरतेत अन त्याच्यापुढं दुसऱ्या कंसात ओळ देऊन आकडा टाकतेत. जुन्या व्हर्जनमधी ते बऱ्याचदा चालून जायचं, वॉर्निंग यायची पण बघतो कोण. पांडाज ३ मधी कॉपी-ऑन-राईट आलंय, म्हणजे बदल करायला गेलं की वेगळी कॉपी बनतीय, आकडा त्या कॉपीत जातोय अन मूळ टेबल जसंच्या तसं. त्यापेक्षा पांडाजचंच 'लोक' (.loc) वापरा, ओळ अन कॉलम एकाच कंसात.

बिंदुसरा: हेच तर म्हणायलो! एवढ्या खोड्या असलेलं हत्यार एका टिंबासाठी? मी शेजारी शेऱ्याचा कॉलम ठेवतो, जुना आकडा, तारीख, कुणी बदललं. तुमच्या कोडमधी कुणी बदललं ते कुठंय?

तेरणाकाठ: शेरा मान्य, पण तो त्याच शीटमधी नको. दुरुस्त्यांची वेगळी फाईल करा, तालुका, तारीख, जुना आकडा, नवा आकडा, कारण. कोड ती वाचंल, टेबलात खरंच ७४ असलं तरच ७.४ करंल, नसलं तर थांबंल.

दुधना: हां, हे चालतंय. नाव टेबलात आहे का ते आधी तपासा, अन वाचतानाच स्पेस काढा.

बिंदुसरा: बरं, अन ती दुरुस्त्यांची फाईल भरायची कशात? एक्सेलमधीच ना?