कुठलं पान बंद करायचं, हे ठरवायचं कोणी?

शाल्मली_नाशिक:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लहान मुलीवरच्या अत्याचाराची क्लिप टाकली. "नराधमाला पकडून द्या, पुढे पाठवा." हेतू चांगला असेल, पण त्या मुलीचा छळ आणखी साठ फोनांत पोचला. आयटी कायद्याच्या ६७ब कलमाखाली असं पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. cybercrime नावाच्या सरकारी पोर्टलवर नाव न देता तक्रार करता येते, हे ग्रुपमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

ब्रिटनमध्ये हे काम १९९६ पासून इंटरनेट वॉच फाउंडेशन करतं. तक्रार आली की तिथला विश्लेषक ती लिंक स्वतः उघडून कायद्याच्या निकषावर तपासतो आणि सर्व्हर कुठे आहे ते शोधतो. सर्व्हर ब्रिटनमध्ये असेल तर पोलिसांना कळवून मजकूर काढून टाकायला लावतात, बाहेर असेल तर त्या देशातल्या हॉटलाइनला, म्हणजे अशाच तक्रारी घेणाऱ्या केंद्राला, कळवतात. अशा मजकुरातला ब्रिटनमधल्या सर्व्हरवरचा वाटा १९९६ मध्ये १८ टक्के होता, २००३ पासून तो एका टक्क्याच्याही खाली आहे. मुंबईच्या 'आरंभ इंडिया'ने २०१६ मध्ये त्यांच्याच मदतीने आपल्याकडे हॉटलाइन सुरू केली. अशा संस्थांना आणखी बळ द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तळटीप:
मजकूर मुळातून काढून टाकायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो गुप्त यादीला: इंटरनेट वॉच फाउंडेशन काही पानं एका यादीत टाकतं आणि इंटरनेट कंपन्या ती पानं अडवतात. ही संस्था न्यायालय नाही, तिचा बराचसा पैसा इंटरनेट कंपन्यांकडूनच येतो. डिसेंबर २००८ मध्ये तिने विकिपीडियाचं एक पान यादीत टाकलं. कारण काय, तर स्कॉर्पियन्स या जर्मन बँडच्या १९७६ च्या अल्बमचं मुखपृष्ठ. ते मुखपृष्ठ आक्षेपार्ह होतंच. पण लोकांना पान अडवल्याचं सांगितलंसुद्धा नाही, अनेकांना नुसतं 'पान सापडत नाही' असं दिसलं. वर सगळी ये-जा मोजक्या प्रॉक्सींमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरांमधून, वळवल्यामुळे सगळे मोजक्याच पत्त्यांवरून आल्यासारखे दिसले आणि ब्रिटनमधल्या असंख्य लोकांना विकिपीडियावर निनावी संपादनच करता येईना. चार दिवसांनी निर्णय मागे घेतला. विकिपीडिया होता म्हणून बोभाटा झाला. एखाद्या छोट्या साइटचं असं झालं तर तिच्या मालकाला कळणार तरी कसं?

रानजाई:
तळटीप, मी बालहक्कांच्या कामात आहे. संस्था न्यायालय नाही म्हणता, पण कोर्टाच्या आदेशाची वाट बघितली तर तोवर अत्याचाराचं ते चित्र किती ठिकाणी साठवून घेतलं जाईल? ज्या मुलीचं ते आहे, ती मोठी झाल्यावरही रस्त्यात कुणी ओळखेल म्हणून घाबरते. चित्राचा हॅश, म्हणजे त्याचा डिजिटल ठसा, एकदा अशा ठशांच्या यादीत गेला की तेच चित्र दुसरीकडे चढवतानाच अडवता येतं. एका चुकीच्या पानासाठी हे सगळं थांबवायचं?

तळटीप:
थांबवा असं मी कुठे म्हटलं? आधी अडवा, हरकत नाही. पण पान अडवल्याचं स्पष्ट लिहा आणि दाद मागायला बाहेरचा माणूस द्या.

शाल्मली_नाशिक:
ही मागणी रास्त आहे. पुढे तिथले माजी मुख्य सरकारी वकील लॉर्ड मॅकडॉनल्ड यांनी मानवी हक्कांच्या बाजूने या संस्थेची तपासणी केली. आता तिच्या कामावर निवृत्त न्यायाधीशाची देखरेख असते.

तळटीप:
म्हणजे टीका झाली म्हणून सुधारणा झाली. आपल्याकडे तशी देखरेख कोण करणार, ते आधी ठरू द्या. मग बळ द्यायला मीही तुमच्या बाजूने उभा राहीन.

रानजाई:
ते ठरेपर्यंत तक्रारी यायच्या थांबणार नाहीत. शाल्मलीताई, त्या क्लिपची तक्रार झाली का?

शाल्मली_नाशिक:
केली, त्याच रात्री. ग्रुपमधल्या प्रत्येकाला फोन करून ती काढायला लावतेय. अजून अकरा जण उरलेत.