गोळ्या की क्युरेटिंग? एका अर्धवट सल्ल्याला उत्तर

निवृत्त परिचारिका, कसबा बावडा:
परवा येथे एका गृहस्थांनी लिहिले की गर्भपाताच्या गोळ्यांनी पिशवी कायमची निकामी होते, त्यापेक्षा एकदाचे क्युरेटिंग करून, म्हणजे पिशवी आतून खरवडून, मोकळे व्हावे. ३० वर्षे प्रसूतिकक्षात काढल्यावर हे वाचून गप्प राहवेना. पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅमची. ती गर्भ धरून ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा आधार काढून घेते, आणि एक-दोन दिवसांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलने कळा येऊन पिशवी रिकामी होते. ९ आठवड्यांच्या आत १०० पैकी ९५ च्या आसपास बायकांचे काम एवढ्यावर भागते; उरलेल्यांच्या पिशवीत काही अंश राहतो, क्वचित गर्भ वाढतच राहतो, म्हणून पंधरा दिवसांनी होणारी तपासणी चुकवायची नसते. पुढे मूल न राहण्याशी या गोळ्यांचा संबंध नाही. उलट धातूच्या क्युरेटने खरवडताना पिशवीला भोक पडण्याचा आणि आतील भिंती एकमेकींना चिकटण्याचा धोका अधिक, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत सोडून सक्शन, म्हणजे शोषून घेण्याची पद्धत, वापरण्यास सांगितले आहे.

मूळ लेखक, शाहूपुरी:
सिस्टर, तुमचे पुस्तक बरोबर असेल, पण माझ्या मेहुणीचे काय? तिने गोळ्या घेतल्या, अंगावरून जाऊ लागले, सगळे पार पडले असे आम्ही समजलो. नवव्या दिवशी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. पोटात रक्त साठले होते आणि एक गर्भनळी काढावी लागली. ज्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या, तेथे नंतर कोणी ओळखही दाखवली नाही.

निवृत्त परिचारिका:
तो नळीतला गर्भ होता. तो गोळ्यांनी होत नाही आणि गोळ्यांनी जातही नाही. तुमचे लाडके क्युरेटिंग केले असते तरी तो तसाच राहिला असता, कारण क्युरेट पिशवीत जाते, नळीत नव्हे. गोळ्यांआधी सोनोग्राफी केली होती का, एवढेच सांगा.

मूळ लेखक:
नव्हती केली. पण विचारण्याची ही ढब तुम्ही दवाखान्यातच ठेवली असती तर बरे झाले असते.

औषध दुकानदार, गंगावेश:
सोनोग्राफी झाली, डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली, तरी गोळ्या मिळतात कुठे? तीन पाकिटांसाठी तपासणीला आलेल्यांनी मला दिवसभर बसवून ठेवले. बिल, चिठ्ठीची प्रत, नोंदवही, सारे जुळत होते. तेव्हापासून मी पाकीट ठेवणेच बंद केले. लिंगनिदान करून मुलीचा गर्भ पाडणाऱ्यांवरचा राग आमच्यावर का? या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच्या, आणि तोवर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही.

कार्यकर्ती, पन्हाळा:
२००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागे ८३९ मुली होत्या, हे विसरून स्वतःच्या एका दिवसाचे रडगाणे गाऊ नका. पाकिटावर ९ आठवडे छापलेले असतात, पोटावर नसतात. चौथा महिना उलटल्यावर, चोरून लिंगतपासणी झाल्यावर, याच गोळ्या दुप्पट भावाने घरपोच येतात. अशी एक बाई घोंगड्यात गुंडाळून जीपमधून आणलेली मी पाहिली आहे. तिला उतरवल्यावर जीपची सीट पाण्याने धुवावी लागली.

औषध दुकानदार:
मग त्या घरपोचवाल्याला धरा ना! चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला मी परत पाठवली की ती त्याच्याच दारात जाते, आणि त्याच्याकडे नोंदवही नसते, हे तुमच्या मोर्च्यांत कोणी बोलत नाही.

कार्यकर्ती:
एवढे मान्य करते. मात्र तुमच्या धंद्यातले सगळेच चिठ्ठी मागतात असे मला शपथेवर सांगू नका.

वाचक, राजारामपुरी:
आपण दोघे भांडून झाला असाल तर एक विचारते. चिठ्ठी तरी सहज मिळते का? नवऱ्याची सही आणल्याशिवाय मला केसपेपरसुद्धा दिला गेला नाही.

निवृत्त परिचारिका:
१९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात नवऱ्याची सही कोठेही मागितलेली नाही. १८ वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, पण तेव्हा दोन डॉक्टरांचे मत लागते. आणि गोळ्यांनंतर तासाला दोन मोठे पॅड भिजणे सलग दोन तास चालले, ताप हटला नाही किंवा घाणेरडा वास येऊ लागला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

मूळ लेखक:
बरे, सोनोग्राफी करायला हवी होती. घ्या, तुमच्या मनासारखे झाले. मेहुणी शेजारी बसून हे वाचते आहे. एक नळी गेल्यावर पुन्हा दिवस राहतात का, असे ती विचारते.

निवृत्त परिचारिका:
दुसरी नळी चांगली असेल तर राहतात. पण एकदा नळीत गर्भ राहिलेल्या बाईला तसा धोका पुन्हा अधिक असतो, म्हणून पाळी चुकताच सोनोग्राफीला जावे. पाळीची तारीख कॅलेंडरवर तिने स्वतः लिहावी, ते काम तुमच्यावर सोपवू नये.